स्फटिकाची कड आणि डावा डोळा

बाबाने मला माझ्या कामाबद्दल पहिल्यांदा नीट विचारलं, तेव्हा मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. होळीसाठी घरी आले होते. आमचा पाडा मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याच्या पुढे, उतारावर आहे. वर नागली-वरईचे माळ, खाली भाताची खाचरं. मी पाड्यावरून आश्रमशाळेत गेले, तिथून जव्हारच्या कॉलेजात आणि मग मुंबईला, एवढं बाबाला ठाऊक होतं. मुंबईत मी "लेझरचा काहीतरी" करते, असं तो विचारणाऱ्यांना सांगायचा. त्यातलं काहीतरी म्हणजे काय हे त्याने कधी विचारलं नव्हतं आणि मीही सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी तो अंगणात बांबूच्या कामट्या सोलत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "तू तिथं दिवसभर करते तरी काय?"

आमच्या घरच्या बोलीत अर्धवाहक हा शब्द नाही. खरं तर तो कुणाच्याच घरच्या बोलीत नसावा. मी म्हटलं, "एक दगड आहे. काचेसारखा, नखाएवढा. त्याच्यातून उजेड आरपार जातो. पण ठरावीक रंगापर्यंतचाच. त्याच्या पुढचा उजेड तो गिळून टाकतो."

"बरा."

"त्याच्यावर आम्ही दुसरा उजेड मारतो. फार जोराचा. तो जोर असतो तेवढा वेळ, एरवी सोडतो तोही उजेड दगड थोडाथोडा गिळायला लागतो. जोर गेला की परत पहिल्यासारखा."

"किती वेल गिलतो?"

"पापणी लवते ना, त्याचे कोटी भाग कर. त्यातला एक घे आणि त्याचे लाख भाग कर. त्यातला एक."

ते त्याने सोडून दिलं. त्याला दुसरंच काही विचारायचं होतं. "इतका जोर मारता, तर फुटत नाय तो?"

बाबाने तरुणपणी चार-पाच वर्षं ठाण्याकडच्या दगडखाणीत काम केलं होतं. सुरुंगाची भोकं पाडायचं. मी सांगितलं की फुटतो, म्हणजे बारीक डाग पडतो, मग स्फटिक जरा सरकवून ताजी जागा घ्यावी लागते. "आवाज येतो?" त्याने विचारलं. येतो, भुंगा गुणगुणल्यासारखा, असं मी सांगितल्यावर त्याने कामटी खाली ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे जोर किती लावायचा त्याच्यातच सगला हाय."

पुढे अनेक प्राध्यापकांनी मला माझ्या विषयावर प्रश्न विचारले. फुटत नाही का, हा प्रश्न इतक्या लवकर कुणी विचारला नाही.

विषय थोडा सविस्तर सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. अर्धवाहक, म्हणजे सेमीकंडक्टर, स्फटिकातल्या इलेक्ट्रॉनांना वरच्या पातळीवर जायला ठरावीक उंचीची उडी मारावी लागते. प्रकाशाच्या कणात तेवढी ऊर्जा असेल तर इलेक्ट्रॉन तो कण गिळतो आणि उडी मारतो. नसेल तर प्रकाश सरळ निघून जातो. म्हणून प्रत्येक स्फटिकाला एक कड असते. कडेच्या अलीकडचा रंग सुटतो, पलीकडचा अडतो. आमचा स्फटिक झिंक ऑक्साइडचा होता आणि त्याची कड जांभळ्याच्या पुढे, डोळ्याला जवळजवळ न दिसणाऱ्या भागात होती. अशा स्फटिकावर तीव्र लेझर पाडला, की त्या लेझरचं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉनांना गदागदा हलवतं आणि ती सरळ कड सैल पडते. अलीकडचा प्रकाशही थोडा अडायला लागतो, पलीकडचा थोडा सुटायला लागतो. हे किती होतं, कुठल्या क्षणी सुरू होतं, कधी थांबतं, हे मोजायचं होतं. त्यासाठी दोन झोत लागतात. एक जोराचा, स्फटिकाला हलवणारा. दुसरा क्षीण, स्फटिकाची त्या क्षणीची अवस्था विचारून येणारा. दोघांच्या पोचण्याच्या वेळांमधलं अंतर एक आरसा केसाच्या जाडीहूनही कमी सरकवून बदलायचं.

वाचायला हे पाच मिनिटांचं काम वाटतं. आम्हाला पहिला नीट आलेख मिळायला दीड वर्ष लागलं. आम्हाला म्हणजे मला आणि माझ्याबरोबर त्याच टेबलावर काम करणाऱ्या ओडिशाच्या मैत्रिणीला. ती माझ्या एक वर्ष मागे होती, हात माझ्यापेक्षा स्थिर. आमचे मार्गदर्शक सर कमी बोलणारे होते. आलेख पाहून ते म्हणाले, "छान. आता पुन्हा घ्या." पुन्हा घेतला, तसाच आला. जोराचा झोत बंद असताना जितका प्रकाश आरपार येत होता, त्याहून तो सुरू असताना कडेजवळ बराच कमी येत होता. परिणाम अपेक्षेपेक्षा मोठा होता. सरांनी शोधनिबंधाचा मसुदा सुरू करायला सांगितलं आणि त्यासाठी आणखी थोडी मोजमापं घ्यायला सांगितली.

त्या मोजमापांच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, माझा डावा डोळा गेला. पूर्ण नाही गेला. मधला भाग गेला.

झालं ते असं. क्षीण झोत जांभळ्याच्या पुढचा असल्यामुळे तो थेट दिसत नाही. पांढरा कागद धरला की त्यावर निळसर चमक येते, तीवरून तो कुठे पडतोय ते कळतं. पण संरक्षक चष्म्यातून ती चमक नीट दिसायची नाही. म्हणून मी चष्मा कपाळावर सरकवला. असं आम्ही सगळेच करायचो. करू नये असं भिंतीवर लिहिलेलं होतं. जोराचा झोत त्या वेळी बंद असायला हवा होता. मी तो बंद केला नव्हता, कारण दोन्ही झोत एकाच जागी पडताहेत का तेच बघायचं होतं. तो झोत डोळ्याला फिकट लाल दिसतो, विझत आलेल्या निखाऱ्याइतका. त्यातला फार थोडाच भाग डोळ्याला दिसतो, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. उजव्या हातात कागद होता. कागद सरळ करायला मी डावा हात पुढे केला. त्या हाताच्या बोटात चांदीची अंगठी होती. आईने मला एम.एस्सी. झाल्यावर खोडाळ्याच्या बाजारातून आणून दिलेली.

एक लाल लखलखाट झाला आणि डोक्याच्या आत कुठेतरी बारीकसा टप् असा आवाज आला. दुखलं नाही.

मी शटर बंद केलं. वहीत वेळ लिहिली. मग उजवा डोळा झाकून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. घड्याळाची कड दिसत होती, काटे नव्हते. काट्यांच्या जागी करडा डाग होता. मी नजर हलवली की तोही हलायचा.

मैत्रीण पाण्याची बाटली भरून परत आली. मी तशीच उभी होते. "क्या हुआ?" तिने विचारलं. मी म्हटलं, "लेफ्ट आय में लगा." तिने बाटली टेबलाच्या कडेवर ठेवली, ती पडली आणि फरशीवर सगळं पाणी झालं. विजेची उपकरणं जवळ असल्यामुळे आम्ही दोघींनी आधी ते पाणी पुसलं. नंतर कितीतरी दिवस मला याचं नवल वाटत राहिलं.

डोळ्यांच्या डॉक्टर बाई सरळ होत्या. त्यांनी पडद्याचा फोटो दाखवला. नारिंगी वर्तुळात, नेमका मध्यभागी, एक फिकट ठिपका. "बाहुली आणि भिंग यांनी या प्रकाशाला अजिबात अडवलं नाही," त्या म्हणाल्या. "सगळा मागे पडद्यावर गोळा झाला. तिथे शोषला गेला. थोडं भरून येईल. सगळं येणार नाही." मी विचारलं, किती टक्के. त्या म्हणाल्या, तीन महिन्यांनी सांगते.

सर त्या दिवशी संध्याकाळी वसतिगृहाच्या फाटकाशी आले. एरवी ते विद्यार्थ्यांना असे भेटायला येत नसत. म्हणाले, "चष्मा होता का?"

"वर सरकवला होता."

"अंगठी?"

"होती."

ते म्हणाले, "सुरक्षा समितीला अहवाल द्यावा लागेल. तुम्हीच लिहा. आरशाचा स्टँड जुना आहे, हलतो, हेही खरंच आहे. तेही लिहू शकता." त्यांनी मला एक वाट दाखवली होती, सौजन्याने दाखवली होती. स्टँड खरंच हलायचा. पण त्या दिवशी तो हलला नव्हता. मी अहवालात चष्मा आणि अंगठी दोन्ही लिहिलं, स्टँड लिहिला नाही. यात मोठेपणा नव्हता. चुकीचं मोजमाप लिहिल्यावर पुढची सगळी आकडेमोड बिघडते, याची सवय झाली होती. प्रयोगशाळा महिनाभर बंद राहिली आणि मी घरी आले.

घरी नागलीची कापणी चालू होती. मी विळा घेऊन उतरले. दोन्ही डोळे उघडे असले की डाग फारसा जाणवत नाही, उजवा डोळा सांभाळून घेतो. पण अंतर कळेनासं होतं. पहिल्याच दिवशी कणीस समजून मी हवेतच विळा फिरवला, दुसऱ्या खेपेला बोट कापलं. आईने माझ्या हातातून विळा घेतला, आपल्या कमरेला खोचला आणि मला खळ्यावर पाठवलं. तिथे कणसं पसरायची, राखण करायची. चहा ओततानाही माझा चहा कपाच्या शेजारी पडायचा. आई ते बघायची आणि फडकं पुढे करायची.

तिने एकदाच विचारलं होतं, आल्या दिवशी. "डोल्याला काय झाला?" मी म्हटलं, "लेझरचा उजेड आत गेला." "तो कसा गेला?" "चुकून." तेवढ्यावर ते थांबलं. अंगठी मी मुंबईला खोलीत ठेवून आले होते. आईला कळू नये असं मी ठरवलं होतं. ती अंगठी घ्यायला ती खोडाळ्याला चालत गेली होती आणि चालत आली होती, हे मला माहीत होतं. ही गोष्ट तिच्यापासून लांब ठेवण्यात मी घरातले पहिले पंधरा दिवस बरीच शक्ती घालवली. बोटाकडे तिची नजर गेली की मी हात पदराखाली घ्यायचे.

शेवटी तिनेच विचारलं. खळ्यावर आम्ही दोघीच होतो, ती सुपाने नागली पाखडत होती. "अंगठी कुठं टाकलीस?"

"आहे. मुंबईला."

"का काढलीस?"

मी सांगून टाकलं. अंगठीवर उजेड पडला, तिथून उलटून डोळ्यात गेला. बोलताना मी तिच्याकडे बघत नव्हते, सुपातून उडणाऱ्या कोंड्याकडे बघत होते.

ती पाखडायची थांबली नाही. सूप खाली-वर होत राहिलं. मग म्हणाली, "मंग काढून ठेवायची व्हती काम करताना. भाकर थापताना मी बांगड्या वर सारते का नाय?"

"सारतेस."

"मंग?"

पंधरा दिवस मी तिचं दुःख सांभाळत होते, आणि त्याची तिला काही गरज नव्हती. संध्याकाळी तिने माझ्या ताटात नेहमीपेक्षा जास्त वाढलं. तेवढंच.

खळ्यावर राखण करणाऱ्याला बसून राहण्यापलीकडे काम नसतं. मी मुंबईहून येताना आलेखांच्या छापील प्रती आणल्या होत्या, मसुदा लिहायचा होता म्हणून. पाड्यावर तेव्हा मोबाइलला रेंज नसायची, लॅपटॉपची बॅटरी दुपारपर्यंत संपायची. राहिले कागद. एका डोळ्याने वाचायचं तर हळू वाचावं लागत होतं. एका बिंदूवरून दुसऱ्या बिंदूवर बोट ठेवत जायचं. इतक्या हळू मी माझा स्वतःचा आलेख आधी कधीच वाचला नव्हता.

आलेखात एक टेकडी होती. दोन्ही झोत एकाच वेळी स्फटिकावर पोचतात तिथे तिचा माथा. डावीकडे, जिथे क्षीण झोत आधी येऊन निघून जातो आणि जोराचा झोत मागाहून येतो, तिथे काहीच बदल दिसायला नको. जो झोत अजून आलेलाच नाही त्याचा परिणाम कसा दिसणार? आम्ही त्या बाजूला तीनच बिंदू घेतले होते, बाकी सगळे माथ्याजवळ. त्या तीन बिंदूंना आम्ही यंत्राची गडबड म्हणून सोडून दिलं होतं. मी त्यांच्यावर बोट ठेवलं. तिन्ही बिंदू शून्यावर नव्हते, आणि तिन्ही एकाच उंचीवर होते. टेकडी जमिनीवर उभी नव्हती, ओट्यावर उभी होती. आणि ओटा टेकडीपेक्षा उंच होता.

ओटा कशाचा, हे कळायला मला खळ्यावरची उरलेली दुपार लागली. लेझरचे ठोके सेकंदाला हजार पडतात. प्रत्येक ठोक्याला स्फटिक थोडा तापतो, आणि पुढचा ठोका पडेपर्यंत पूर्ण निवत नाही. तापलेल्या स्फटिकाची कड आपोआप अलीकडे सरकते, प्रकाश जास्त अडायला लागतो. दिसायला अगदी आपल्याला हवा तसा परिणाम. फक्त तो विद्युत क्षेत्राचा नव्हता, उष्णतेचा होता. आमचं अपेक्षेपेक्षा मोठं यश बहुतेक तापलेला स्फटिक होतं.

मला वाईट वाटलं का? वाटलं असणार. आठवतं ते एवढंच की मी कागद घडी करून पिशवीत ठेवले, खळ्यात शिरलेल्या कोंबड्या हाकलल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मोखाड्याला जाऊन सरांना फोन लावला. रेंज एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला यायची.

सगळं ऐकून सर म्हणाले, "तीन बिंदूंवरून?"

"तीनच आहेत. पण तिन्ही एका रेषेत आहेत."

"मसुदा थांबवतो," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "डोळा कसा आहे?"

"वाचता येतं."

परत गेल्यावर आम्ही प्रयोग नव्याने मांडला. मला झोत जुळवायची परवानगी नव्हती आणि मला ती नकोही होती. मैत्रीण झोत जुळवायची, दोन्ही हात रिकामे, चष्मा घट्ट, झोत बघायला कागदाऐवजी कॅमेरा. मी शेजारच्या खोलीत पडद्यावर आकडे बघायचे आणि दारातून ओरडून सांगायचे. लेझरच्या ठोक्यांची संख्या आम्ही दहाव्या हिश्शावर आणली, म्हणजे दोन ठोक्यांमध्ये स्फटिकाला निवायला वेळ मिळेल. डावीकडचे बिंदू या वेळी तीन नाही, शंभर घेतले.

ओटा खाली बसला. टेकडी राहिली.

मैत्रीण दारात येऊन उभी राहिली. "दिख रहा है?" तिला वाटलं मला स्क्रीन नीट दिसत नाही म्हणून मी गप्प आहे. मी म्हटलं, "दिख रहा है. छोटा है." ती आत आली, पडद्याला जवळजवळ नाक लावून पाहिलं आणि हसायला लागली. "छोटा है, पर है!" मग मीही हसले. लेझरचा ठोका असेपर्यंतच स्फटिक बदलत होता आणि ठोका सरला की तिथेच, त्याच क्षणी, मूळ अवस्थेत येत होता. पहिल्या आलेखाच्या पावपट परिणाम, पण खरा.

प्रबंधात मी पहिला आलेखही घातला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्यावर बोट ठेवलं. "हा चुकीचा आलेख कशासाठी ठेवलाय?" मी सांगितलं की दुसऱ्या कुणाला असा ओटा दिसला तर तो कशाचा हे त्याला कळावं म्हणून. ते म्हणाले, ठीक आहे, आणि पुढचं पान उलटलं. डॉक्टर बाईंनीही तोपर्यंत माझा आकडा सांगितला होता. डाव्या डोळ्याने तक्त्यावरचं सगळ्यात वरचं मोठं अक्षर मला दिसतं, तेही तिरकं बघितलं तर.

मी जव्हारला परत का आले, हे लोक अजून विचारतात. प्रयोगशाळेत राहायला झोत जुळवता यायला हवेत, हे एक कारण. इथल्या कॉलेजात जागा निघाली, हे दुसरं. तिसरं कारण मी फारसं सांगत नाही. मला ओळीने समजावून सांगायला आवडतं, हे मला बाबाला सांगताना कळलं होतं. आता मी बी.एस्सी.च्या मुलामुलींना प्रकाश शिकवते. त्यातली निम्मी माझ्यासारखी पाड्यांवरून येतात आणि पहिल्या वर्षी पुस्तकातलं मराठी त्यांना परकं वाटतं, इंग्रजीचं तर सोडाच. रविवारी कधी पाहुणे आले तर त्यांना शिरपामाळ, शिवाजी महाराज थांबले होते तो माळ, दाखवून आणते. दर महिन्याला पाड्यावर जाते. विळा आई अजून माझ्या हातात देत नाही.

गेल्या वर्षी स्टाफरूममध्ये मला मैत्रिणीचा मेल आला. ती आता परदेशात आहे. तिकडच्या एका गटाने तोच प्रयोग स्फटिक अतिथंड ठेवून केला होता, म्हणजे उष्णतेचा प्रश्नच नको. त्यांचा आकडा आमच्या आकड्यापेक्षा जरासा कमी होता, पण मोजमापात जेवढी चूक संभवते असं त्यांनी सांगितलं होतं, तेवढ्या मर्यादेत दोन्ही बसत होते. तिने खाली एकच ओळ लिहिली होती: "बैठ गया."

शेजारी रसायनशास्त्राच्या मॅडम पेपर तपासत होत्या. मी त्यांना म्हटलं, "आमचा जुना आकडा बरोबर निघाला."

"कसला आकडा?"

मी सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं झाली तोवर तासाची घंटा झाली. त्या म्हणाल्या, "थांबा, जेवताना सांगा, मला खरंच ऐकायचंय." मी हजेरीपट उचलला आणि वर्गावर गेले. त्या दिवशी प्रिझम शिकवायचा होता.